सतरा नंबरची नळी

काजितानीनं आकडा वाचला तेव्हा त्याचा आवाज जराही हलला नाही. यात शौर्य काही नव्हतं; अकरा वर्षांची सवय होती, एवढंच.

"सतरा. एकशे बेचाळीस."

"सतरा. एकशे बेचाळीस," त्याच्याकडे पाठ करून बसलेल्या ओरिहारानं परत म्हटलं, वहीत लिहिलं, आणि मग तिचं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं.

क्योतोतल्या त्या लहानशा कंपनीत आकडे असेच लिहिले जात. यंत्रातून रक्त गेलं की शेजारचं पेन सरकत्या कागदावर रेघ ओढायचं, आणि जे द्रव्य शोधायचं ते रक्तात असेल तर अकराव्या मिनिटाला त्या रेघेचा डोंगर व्हायचा. एकानं पट्टी लावून डोंगराची उंची मोजायची आणि मोठ्यानं वाचायची. दुसऱ्यानं कागदाकडे न बघता ती ऐकायची, मोठ्यानं परत म्हणायची आणि मगच लिहायची. पाठ करून बसायचं, कारण डोळे मध्ये लुडबुड करतात आणि मनात असेल तोच आकडा लिहून मोकळे होतात, असं काजितानीचं म्हणणं. वाचणारा तो, लिहिणारी ओरिहारा. ती तेवीस वर्षांची असताना आली, आता चौतिसाची झाली, आणि या अकरा वर्षांत दोघांनी मिळून काही हजार आकडे असे एकमेकांना ऐकवले होते. त्यातल्या एकाही आकड्यानं आजवर कुणाच्या पोटात गोळा आणला नव्हता.

कारण ते आकडे आजाऱ्यांचे होते. विद्यापीठाच्या इस्पितळातून निळ्या डब्यातून नळ्या यायच्या, त्या माणसांना आधीच स्वादुपिंडाचा कॅन्सर झालेला असायचा, आणि डोंगर उभा राहिला की प्रयोगशाळेत सगळे खूश व्हायचे. यंत्र बरोबर सांगतंय म्हणून. याला निर्दयपणा म्हणा हवं तर, पण डब्यातल्या नळीला चेहरा नसतो.

आज टेबलावर पांढरा डबा होता. पांढऱ्या डब्यात निरोग्यांचं रक्त. यंत्राला डोंगर दिसतो हे सिद्ध झालं, आता सपाट मैदान दिसतं का ते बघायचं होतं. निरोगी माणसं बाजारात मिळत नाहीत, म्हणून या धंद्यात सगळेच आपापल्या बाह्या वर करतात. जानेवारीत पाच जण इस्पितळात जाऊन रक्त देऊन आले होते: काजितानी, ओरिहारा, पंप बनवणारा म्हातारा तोबा, विजेचं काम बघणारा हायामिझु, आणि गाडी चालवणारा इकेउची. पाच माणसं, पाच नळ्या. वीसच्या आतला आकडा म्हणजे सगळं ठीक.

नळ्यांवर नावं नव्हती, नंबर होते. ही अक्कल काजितानीचीच. डिसेंबरात नव्या पंपाची चाचणी घेताना नावं टाकली होती, आणि हायामिझुच्या रक्तात चरबीचा असा काही थर निघाला की तोबा आठवडाभर त्याच्या समोरून जाताना नाक धरून "डुक्कर भाजतंय का कुठे?" असं विचारत होता. कामात थट्टा नको म्हणून या वेळी काजितानीनं इस्पितळातल्या डॉक्टर कुराहाशींना सांगितलं, नंबर टाका आणि कुणाचा कुठला ती यादी तुमच्याच ड्रॉवरमध्ये ठेवा.

आता ती यादी कामो नदीच्या पलीकडे एका ड्रॉवरमध्ये होती आणि इकडे पाच जण एका नंबराकडे बघत होते.

"पंपानं घोळ घातला असेल," हायामिझु म्हणाला.

"माझ्या पंपाचं नाव घ्यायचं नाही," तोबा म्हणाला, पण नेहमीच्या जोरानं नाही.

यंत्र धुतलं, सुई बदलली, सतरा नंबर पुन्हा घातला. एका फेरीला अठरा मिनिटं. रॉकेलच्या शेगडीवर किटली उकळत होती, ती काढायचं कुणाला सुचलं नाही. अकराव्या मिनिटाला पेन वर चढलं. तिसऱ्या खेपेलाही चढलं. बाकीच्या चार नळ्यांवर मात्र ते कागदाच्या तळाशी आज्ञाधारकपणे पडून राहिलं.

"म्हणजे पाचातले चार वाचले," हायामिझु म्हणाला. कुणी हसलं नाही. त्याचं त्यालाच हसू आलं नाही.

काजितानीनं डॉक्टरांना फोन लावला. पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग कागदांची खसखस ऐकू आली.

"सापडला नंबर," डॉक्टर शेवटी म्हणाले. "आता तुम्ही यात पडू नका, काजितानी-सान. पुढचं मी बघतो. त्या व्यक्तीच्या घरच्यांशी मीच बोलेन."

घरच्यांशी. काजितानीनं फोन ठेवला.

तिथली, त्या काळची रीत प्रत्येकाला ठाऊक होती. हा आजार निघाला की डॉक्टर ते आजाऱ्याला सांगत नाहीत. नवऱ्याला सांगतात, बायकोला सांगतात, मुलाला बाजूला घेतात. आजाऱ्याला सांगतात, अल्सर आहे. मग घरदार मिळून त्या अल्सरचं नाटक शेवटपर्यंत वठवतं. काजितानीनं ते स्वतः वठवलं होतं. बारा वर्षांपूर्वी त्याच इस्पितळाच्या जिन्याखाली एका डॉक्टरनं त्याला त्याच्या बापाबद्दल सांगितलं. बाप निशिजिन पेठेतला रंगारी, रेशमाचं सूत रंगवणारा. लहानपणी त्यानंच ओल्या कागदावर जांभळ्या रंगाचा थेंब सोडून पोराला दाखवलं होतं, की थोडं थांबलं तर तो थेंब पसरतो आणि त्यातला निळा वेगळा होतो, तांबडा वेगळा. "एक दिसतं त्यात नेहमी दोन असतात, बघ." काजितानीची सगळी विद्या म्हणजे तो ओला कागद. कॉलेज झालं, कंपनी झाली, सोया सॉस तपासायची यंत्रं बनवून झाली. आणि बाप गेल्यावर त्यानं मालकाला सांगितलं, मला रक्तातलं वेगळं करायचंय, लवकर, दुखायला लागायच्या आत. मालकानं त्याला मागची खोली आणि दोन वर्षं दिली. दोनाची अकरा झाली.

आणि आता अकराव्या वर्षी यंत्रानं पहिल्यांदा एका न दुखणाऱ्या माणसाकडे बोट दाखवलं होतं. काजितानीला वाटलं, आपल्याकडेच दाखवलं. का वाटलं ते सांगता येत नाही. बापाचा आजार, बापाचंच रक्त. त्या संध्याकाळी बसमध्ये उभ्या उभ्याच त्याला बेंबीच्या वर काहीतरी टोचायला लागलं.

घरी फुसाएनं बुरी मासा भाजला होता.

"आज कसला सण?" त्यानं विचारलं.

"सण कशाला हवा? तुम्हाला आवडतो म्हणून आणला."

सव्वीस वर्षांच्या संसारात फुसाएनं हे कारण कधी दिलं नव्हतं. कोळ्यानं स्वस्त दिला म्हणून, शेजारीण घेत होती म्हणून, अशी कारणं असायची. काजितानीचा घास तोंडात फिरू लागला.

"जेवत का नाही? बरं नाही वाटत?" ती म्हणाली. "पोट वगैरे?"

"पोटाला काय झालंय?"

"अहो, मी आपलं विचारलं. खेकसता काय!"

शनिवारी तो घरात शिरला तर ती फोनवर हळू आवाजात बोलत होती. त्याला बघताच "बरं, मग बोलू," म्हणून तिनं फोन ठेवला. कोण होतं म्हटल्यावर म्हणाली, ताई होती. रविवारी तिनं त्याच्यासाठी संत्र्यांच्या फोडी सोलून बशीत ठेवल्या, पांढऱ्या शिरासुद्धा काढून. काजितानीनं त्या बशीकडे असं पाहिलं की कुणाला वाटावं तीत विष आहे. बापाच्या शेवटच्या वर्षी आईनंही अशीच संत्री सोलली होती, आणि सोलायला कुणी सांगितलं होतं? यानंच.

सोमवारी सेत्सुबुन होता. दारातून भाजलेले सोयाबीन फेकून भुतांना घराबाहेर घालवायचं, आणि मग आपलं वय अधिक एक इतके दाणे मोजून खायचे, म्हणजे येतं वर्ष सुखाचं जातं. काजितानी एक्कावन्न वर्षांचा होता. फुसाएनं त्याच्यापुढे वाटी ठेवली आणि स्वतःची घेऊन बसली. त्यानं सवयीनं मोजले. बावन्न व्हायला हवे होते, एकोणसाठ निघाले. पुन्हा मोजले. एकोणसाठच.

सात वर्षं जास्त. देवाला फसवून नवऱ्याच्या पदरात सात वर्षं टाकणारी बायको. काजितानीला तिच्याकडे बघवेना. विचारावं असं शंभरदा ओठांवर आलं, आणि शंभरदा त्यानं एकेक दाणा तोंडात टाकला. विचारलं तर ती म्हणेल अल्सर. मग काय करायचं?

कंपनीत सगळेच एकमेकांचे चेहरे वाचत होते. रोज सकाळी रेडिओवरच्या कवायतीला अंगणात पाच जण हात वर करत आणि त्या हातांआडून एकमेकांकडे बघत. कोण पिवळा दिसतो? कोण बारीक झाला? इकेउची खोकला तर चौघांच्या माना वळायच्या. कवायतीनंतर पूर्वी चहा व्हायचा, तोही प्रत्येक जण आपापल्या टेबलाशी जाऊन घेऊ लागला. मग मंगळवारी तोबा अचानक शीळ घालू लागला. बुधवारी इकेउचीनं गाडी पुसली, चाकांसकट. गुरुवारी हायामिझु कवायतीत असा वाकला की पँट उसवली, आणि त्यानं स्वतःच ती गोष्ट दिवसभर सगळ्यांना सांगितली. काजितानीला या तिघांचा संताप आला. एखाद्याला एवढं निगरगट्ट होता येतं?

ओरिहारा मात्र नेहमीसारखीच होती. वेळेवर यायची, वहीची पानं आखायची. तिच्या आईनं माईझुरूहून पाठवलेला लोणच्याचा डबा तिनं आणला आणि सगळ्यांना वाटला. काजितानीला देताना तिनं विचारलं, "बरे आहात ना?" डॉक्टरांनी हिला तर सांगितलं नसेल?

शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली तेव्हा त्याचं ठरलं होतं. डिसेंबरच्या त्या नावं घातलेल्या नळ्यांत प्रत्येकाचं रक्त थोडं थोडं उरलं होतं, आणि ते शीतपेटीत होतं. दोन महिने जुनं, पण एवढा डोंगर काही दोन महिन्यांत उभा राहत नाही. नंबरांचा नियम त्याचाच होता आणि तो मोडायचा नव्हता. पण स्वतःच्या नावाची नळी स्वतः तपासायला कुणाची ना आहे? मनाला काय, ते वकिलासारखं हवं ते काढून देतं.

रविवारी सकाळी फुसाएला कामाचं निमित्त सांगून तो निघाला. तिनं भाताचे दोन गोळे बांधून दिले. हिएइ डोंगरावर बर्फ होता आणि रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. त्यानं कंपनीचं कुलूप काढलं, दाराशी बूट काढून चपला घातल्या, शेगडी पेटवली, यंत्र सुरू केलं आणि ते तापेपर्यंत शीतपेटीतून डिसेंबरचा डबा काढला.

नळ्यांवर ओरिहाराच्या अक्षरात नावं होती. पहिली तोबाची. तिच्यावर हिमाचा थर नव्हता. झाकणाची चिकटपट्टी नवी होती आणि रक्त बोटभर कमी झालं होतं. काजितानी आधी गोंधळला. मग त्यानं इकेउचीची नळी उचलली. नवी पट्टी. हायामिझुची. नवी पट्टी, तीही दोन पदरी.

तोबाची शीळ, इकेउचीची चाकं, हायामिझुची पँट. चोरून आले होते तिघेही. इकेउचीला यंत्र चालवता येत नव्हतं, म्हणजे त्याला तोबानंच तपासून दिलं असणार. आणि तिघेही हलक्या पावलांनी परत गेले होते.

उरल्या दोन नळ्या, हिमानं पांढऱ्या झालेल्या, कुणी हात न लावलेल्या. काजितानी. ओरिहारा.

पाचातला एक असणं वेगळं आणि दोघांतला एक असणं वेगळं. यंत्राच्या वर भिंतीवर कंपनीचा छोटा देव्हारा होता, नव्या वर्षाला मालक तिथं साके, म्हणजे तांदळाची दारू, ठेवायचा. काजितानीनं आजवर त्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. आता त्यानं दोन्ही हात जोडले, आणि त्याच्या मनात जे आलं ते इतकं स्पष्ट आलं की त्यालाच ऐकू आल्यासारखं वाटलं. तिचं असू दे. माझं नको. तिचं असू दे.

त्याला स्वतःची भीती वाटली, पण मागणं काही त्यानं परत घेतलं नाही.

नळी हातात धरून वितळवली, गाळली, सुईत भरली, यंत्रात सोडली. अठरा मिनिटं. काजितानी स्टुलावर बसून पेनाच्या टोकाकडे बघत होता. सातव्या मिनिटाला त्याला बापाची बोटं आठवली, नखांत कायमचा निळा रंग बसलेली. नवव्याला बेंबीच्या वर एवढं टोचलं की तो वाकला. दहा. साडेदहा. अकराव्या मिनिटाला त्यानं डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा पेन सरळ चाललं होतं. बारा. तेरा. सरळ. तळाला एक नावापुरता उंचवटा. त्यानं पट्टी लावली, खात्रीसाठी दोनदा लावली. अकरा.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते काजितानीला एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. पोटातलं टोचणं अर्ध्या क्षणात नाहीसं झालं, जसं कधी नव्हतंच. त्याला कडकडून भूक लागली. त्यानं भाताचे गोळे सोडले आणि उभ्यानंच खाऊ लागला, आणि खाता खाता त्याला सोयाबीन आठवले. एकोणसाठ! अरे, सव्वीस वर्षांत फुसाएनं मोजून कधी काही दिलंय का? मूठभर घेतले असतील आणि टाकले असतील. फोनवर ताईच होती, आणि ताईचं घरी काही बिनसलं असेल. तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येत होतं, तोंडात भात होता, आणि तो एकटाच देव्हाऱ्याकडे बघून हसत होता.

मग त्यानं मान वळवली. दारात ओरिहारा उभी होती. मफलरवर बर्फ होता, पायात चपला चढवून झाल्या होत्या. किती वेळ उभी होती कोण जाणे.

काजितानीनं तोंडातला घास गिळला.

"किती आलं?" तिनं विचारलं.

"अकरा." खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही.

"अभिनंदन," ती म्हणाली, आणि वाकून नमस्कार केला. मनापासून केला, त्यामुळेच तो बघवत नव्हता.

तिनं मफलर काढून खुंटीला अडकवला, डब्याशी आली आणि पाचवी नळी उचलली. "मी रोज उघडत होते हा डबा. उघडायचा, बघायचा, बंद करायचा. तोबा-सानांनी पट्टी वाकडी लावली होती, ती मीच काढून नीट लावली."

"म्हणजे तुला माहीत होतं? तिघांचं?"

"गुरुवारपासून. त्यानंतर तुम्ही आणि मी उरलो." ती नळी दोन्ही तळव्यांत धरून ऊब देत होती. "तीन दिवस मी काय मागत होते, ते विचारू नका."

काजितानीला तिथून पळून जावंसं वाटलं. "मीही तेच मागितलं," तो म्हणाला. "आत्ता. या इथं उभा राहून."

"मग तुमचं ऐकलं," ओरिहारा म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती थोडीशी हसलीसुद्धा, आणि त्या हसण्यानं काजितानीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नळी तिनंच भरली. तिचा हात त्याच्यापेक्षा स्थिर होता; नेहमीच असायचा. यंत्रात सोडून तिनं वही काढली, तारीख घातली, आणि आपली खुर्ची ओढून त्याच्याकडे पाठ करून बसली.

"आज राहू दे ना ते," काजितानी म्हणाला. "तूच बघ."

"मला नाही बघवणार. तुम्ही वाचा."

किटलीचं पाणी कुजबुजत होतं. तिसऱ्या मिनिटाला ती पाठमोरीच म्हणाली, "तुमच्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही ना?"

"आम्ही सांगितलं नाही."

"ते वेगळं."

काजितानी पेनाकडे बघतच बोलला. "एकदा विचारलं त्यांनी मला. 'अल्सरच ना रे?' मी म्हटलं, अल्सरच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर पाच महिने जगले, आणि त्या पाच महिन्यांत आम्ही फक्त हवेबद्दल बोललो. आज गार आहे. आज ऊन पडलंय. दुसरं काही नाही. मरेपर्यंत."

"मला अजून कुठंच दुखत नाही," ती म्हणाली.

"मग लवकर सापडलं. त्यासाठीच तर बनवलंय हे आपण." बोलताना त्याचं त्यालाच कळलं की पुढचं त्याला काही माहीत नाही. इतक्या लवकर आजवर कुणी सापडलंच नव्हतं. लवकर सापडलेल्या माणसाचं पुढे काय होतं, ते जगात कुणाला ठाऊक होतं?

सहा. सात. आठ. काजितानीच्या मनात आलं, आणि आलं तेव्हा ते चांगुलपणाचं रूप घेऊन आलं, की चौदा म्हणावं. ती पाठमोरी आहे. ती "चौदा" म्हणेल, "चौदा" लिहील, आज रात्री झोपेल. सतरा नंबरचं काहीतरी कारण काढता येईल, नळी खराब होती म्हणून. मग डॉक्टर तिच्या आईशी बोलतील, आई अल्सर म्हणेल, सगळे मिळून सांभाळून घेतील तिला. किती सोपं होतं. एकच शब्द. बापाच्या वेळीही एकच होता.

अकराव्या मिनिटाला पेन वर निघालं.

ते चढत गेलं, चढत गेलं. पेन माथ्यावर टेकलं, उतरलं. पेनाची किरकिर तिलाही ऐकू येत होती. अकरा वर्षं ऐकलेला आवाज, सपाट चालीचा कुठला आणि चढाचा कुठला हे तिला न बघता कळत असणार. तरी ती वळली नाही. तिच्या मानेवरचे केस मात्र त्याला दिसत होते, आणि खांदे, जरासे आवळलेले.

त्यानं पट्टी लावली.

"ओरिहारा," त्यानं वाचलं. "एकशे अडतीस."

एक क्षण गेला.

"ओरिहारा. एकशे अडतीस," तिनं परत म्हटलं आणि लिहिलं. तीन आकडे, नीट, रकान्याच्या मधोमध. मग पेन खाली ठेवून दोन्ही हात मांडीवर घेतले.

"आज ना उद्या डॉक्टर आईला फोन करतील," ती म्हणाली. "आईला कमी ऐकू येतं, ती मामाला देईल फोन. मग मामा येईल फळं घेऊन. सगळे मला अल्सर म्हणायला लागतील. डॉक्टर मला बोलावतील त्या दिवशी तुम्ही याल?"

"येईन."

"आणि ते अल्सर म्हणाले, की तुम्ही आकडा वाचा. मोठ्यानं. मी परत म्हणेन. मग त्यांना पुढचं बोलावंच लागेल."

"वाचीन."

"आणि नंतर माझ्याशी हवेबद्दल बोलायचं नाही."

काजितानीनं मान हलवली. ती पाठमोरी आहे, तिला दिसलं नसेल, हे लक्षात आल्यावर तो म्हणाला, "नाही बोलणार."

"अजून दोनदा घ्यायला हवं," ओरिहारा म्हणाली. नियम तीन वेळांचा होता. तिनंच उठून सुई धुतली, दुसऱ्यांदा रक्त भरलं, सोडलं आणि परत त्याच्याकडे पाठ करून बसली. अकराव्या मिनिटाला पेन तेवढंच चढलं. काजितानीनं पट्टी धरली, तोंड उघडलं, तिचं नाव घेतलं, आणि पुढे त्याच्या घशातून निघालं ते काही आकड्यासारखं नव्हतं.

ओरिहारा खुर्चीत तशीच बसली होती, पेन हातात धरून.

"नीट वाचा," ती म्हणाली. "मला ऐकू आलं नाही."

काजितानीनं बाहीनं डोळे पुसले, पट्टी पुन्हा लावली आणि नावापासून वाचलं.